गर्जनेची कैफियत



सासरी निघालेल्या मुलीचे दुःख कोणत्या आवाजात गावे, असे कुणी विचारले तर जात्याच्या घरघरीवर तरंगणारा, किंचित कापरा असा एखादा स्त्रीकंठ आपल्या मनात जागा होईल, आणि याहून निराळे उत्तर संभवत नाही अशीच आपली खात्री असेल. हेलसिंकी शहरातील ‘अमॉर्फिस’ नामक वाद्यवृंदाने १९९४ साली या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते मात्र ऐकणाऱ्याला प्रथम दचकवणारे आहे. ‘कालेवाला’ हे फिनलंडचे राष्ट्रीय महाकाव्य. एलियास ल्योनरोट या वैद्यकी करणाऱ्या विद्वानाने कारेलिया प्रदेशाच्या खेडोपाडी हिंडून गायकांच्या तोंडची गीते उतरवून घेतली, त्यांची संगती लावून १८३५ साली हे काव्य प्रसिद्ध केले आणि १८४९ साली त्याचा विस्तार ५० सर्गांपर्यंत नेला. त्यातील विवाहप्रकरणात माहेर सोडणारी वधू स्वतःच्या मनाला हिवाळ्यातील काळ्या दिवसाची उपमा देते. अमॉर्फिसचे ‘ब्लॅक विंटर डे’ हे गीत तेथूनच आले. पण त्यात वधूचा विलाप सांगतो तो एका पुरुषाचा खोल, खरखरीत, गुहेतून उमटावा तसा आवाज. त्याला गाणे म्हणावे की गर्जना, हा प्रश्न पहिल्या श्रवणी सुटत नाही.

ही गर्जना ज्या संगीताची खूण आहे त्याला ‘डेथ मेटल’ म्हणतात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात ते विशेष फोफावले, आणि वेग, घनता व कठोरता यांपुढे त्यात चाल जवळजवळ बेदखल झाली. तिला पुन्हा वतन मिळवून दिले ते प्रामुख्याने स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोथेनबर्ग बंदरातल्या तरुणांनी. ‘अ‍ॅट द गेट्स’चा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ आणि ‘डार्क ट्रँक्विलिटी’चा ‘द गॅलरी’ हे गीतसंग्रह १९९५ साली निघाले, पाठोपाठ १९९६ साली ‘इन फ्लेम्स’चा ‘द जेस्टर रेस’ आला, आणि हे तिन्ही त्या एकाच शहरातील फ्रेडमन नावाच्या ध्वनिमुद्रणगृहात तयार झाले. या मंडळींनी चालीचा कारभार गायकाच्या हाती न देता दोन गिटारींच्या हवाली केला. एक गिटार षड्जावर असता दुसरीने गांधारावर उभे राहावे, आणि तेवढेच अंतर राखून दोघींनी जोडीने पुढे जावे, ही रीत त्यांनी ‘आयर्न मेडन’सारख्या जुन्या इंग्रज वृंदांकडून उचलली, फरक एवढाच की, गिटारींच्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरवून त्यांनी त्या जोडगोळीला एक प्रकारचे सायंकालीन गांभीर्य दिले.

या चाली आपल्या कानाला सर्वस्वी परक्या वाटत नाहीत, याचेही कारण आहे. पाश्चात्त्य ज्याला ‘मायनर’ म्हणतात त्या स्वरसप्तकाच्या शुद्ध रूपात गांधार, धैवत आणि निषाद कोमल असतात. म्हणजे भातखंडे यांच्या वर्गीकरणाप्रमाणे तो आसावरी थाट होय. थाट म्हणजे राग नव्हे, हे मी जाणतो. तरीही त्या तीन कोमल स्वरांतील विषाद ओळखायला महाराष्ट्रातील श्रोत्याला दुभाष्याची गरज पडू नये.

मग ही गर्जना कशासाठी, असा आक्षेप उरतो. ती केवळ घसा फोडून ओरडणे नव्हे. खऱ्या स्वरतंतूंच्या वर जे मिथ्या स्वरतंतू असतात त्यांना कंपित करून, श्वासाचा आधार पोटातून घेऊन ती साधावी लागते. भलत्या रीतीने केली तर गळा कायमचा जायबंदी होऊ शकतो. तिला निश्चित असा स्वर नसल्यामुळे ती चालीशी स्पर्धा करीत नाही, पखवाजाच्या थापेसारखी लयीचे अंग धरून राहते. गिटारींची ती चाल एखाद्या मधुर कंठात घातली असती तर गुळचट झाली असती; ती गर्जना चालीवाचून राहिली असती तर नुसती कर्कश ठरली असती. दोघी एकमेकींचा दोष झाकतात. भरतमुनींनी रौद्रापासून करुणाची उत्पत्ती सांगितली आहे. नाट्यात एकाचा क्रोध घडतो आणि मागाहून दुसऱ्याचा शोक उमटतो. या संगीतात मात्र गर्जनेचा रौद्र आणि चालीचा करुण, म्हणजे जनक आणि अपत्य, एकाच क्षणी, एकाच चौकटीत उभे असतात, आणि माझ्या मते त्याच्या मोहिनीचे रहस्य तेथेच आहे.

ज्यांना वातावरणाची ओढ अधिक, त्यांच्यासाठी उत्तर कारेलियातील योएन्सू गावच्या ‘इन्सोम्नियम’ या वृंदाने २०१६ साली ‘विंटर्स गेट’ सादर केले. दर्यावर्दी आणि हिवाळा यांची ती कथा, सुमारे ४० मिनिटांचे एकच सलग गीत! विलंबित ख्यालाला बैठक मारून बसणाऱ्यांना एवढा अवधी जाचक वाटण्याचे कारण नाही. आपल्या मुंबईतही या कुळाशी नाते सांगणारा ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा वृंद २००० साली उभा राहिला, आणि २०१७ साली त्याने विष्णूच्या दहा अवतारांवर ‘दशावतार’ हा संग्रह काढला.

शेवटी एक विनंती. हे संगीत पहिल्या खेपेस ऐकताना गायकाकडे सरळ दुर्लक्ष करावे आणि दोन गिटारींपैकी वरची जी असेल तिचे बोट धरून चालावे. दुसऱ्या खेपेस गीताचा मजकूर समोर ठेवून गर्जनेतील शब्द ओळखावेत. तिसऱ्या खेपेस दोन्ही एकत्र ऐकावीत, आणि मगच, दोन्ही पक्षांची कैफियत नोंदवून झाल्यावर, आपला फैसला सुनवावा. तो प्रतिकूल निघाला तरी माझी तक्रार नाही. पहिल्याच दणक्याला कळ फिरवून दिलेला निकाल मात्र एकतर्फी समजावा लागेल.