आधी पुस्तक, मग बोलपट



साहित्य शिकविणाऱ्या एक बाई म्हणाल्या, बोलपटाने पुस्तकाची गोडी जाते. मला तसे वाटत नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिचा बोलपट केला. १९५४ साली त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही बोलपट कळतो, हा त्याचा मोठाच उपकार.

मात्र पडद्यावर श्यामची आई म्हणजे वनमालाबाईच. वाचताना ज्याला त्याला आपली आई दिसते. मी सातवी शिकलेली, आई निरक्षर. मी वाचायची, ती ज्वारी निवडीत ऐकायची आणि मध्येच ‘थांब’ म्हणून डोळे पुसायची. थिएटरातला पडदा असा थांबत नाही.

म्हणून मुलांना बोलपट जरूर दाखवा. पण आधी चार रात्री पुस्तक वाचून दाखवा.