थंडीतले खुराडे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले. कोल्हापूर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे ऊस आणि गुऱ्हाळ उभे राहते. पण जिल्ह्याच्या पूर्वेला, गडहिंग्लजच्या कोरड्या पट्ट्यात, ज्वारी-भुईमुगावर संसार ओढणारे आमच्यासारखेही आहेत. आमची-तुमची सोयरीक ती कोरडवाहूची.

आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही, कोंबड्यांवर बोलणार आहोत. हसू नका. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि घरात शिरायच्या आधीच सोसायटी आणि दुकानदार त्याची वाटणी करून ठेवतात. अंड्यांचा पैसा आठवड्याच्या बाजारी येतो आणि घरच्या बाईच्या हातात येतो. मीठ-मिरची, पोराची वही, एसटीचे भाडे त्यावर निघते. इथे बसलेल्या मायबहिणींना हा हिशेब सांगायला नको. नेमका थंडीत हा पैसा आटतो, आणि दोष मात्र सगळा थंडीला जातो.

आम्हीही तोच दोष दिला होता. आमच्याकडे परसात जाळीचे आवार आणि त्यात चौदा कोंबड्या. एका वर्षी मार्गशीर्षात गारठा वाढला तसा आम्ही चारी बाजूंनी आणि वरून प्लॅस्टिकचा कागद गच्च ताणून बांधला. वाटले, ऊब धरेल. चार दिवसांनी पहाटे कागद उचलला तर डोळ्यांना झणझणून पाणी आले. आतल्या बाजूने थेंब ओघळत होते, खालचा पेंढा चिंब. कोंबड्या घरघरू लागल्या आणि पंधरवड्यात सहा गेल्या. त्याच गल्लीत एका म्हातारीच्या कोंबड्या उघड्या पडवीत, दांडीवर बसून होत्या. तिची एकही गेली नाही.

तेव्हा कळले. कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ अंशांच्या आसपास, वर पिसांची गोधडी. मोठी कोंबडी कोरडी असेल आणि अंगावर वारा नसेल तर आपल्याकडची थंडी सहज काढते. कोल्हापुरात पारा १० अंशांखाली क्वचितच जातो. विदर्भ-मराठवाड्यात तुमची थंडी कडक. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. तरीसुद्धा निरोगी मोठी कोंबडी नुसत्या गारठ्याने मरण्याआधी ओलीने आणि कोंडलेल्या हवेने मरते. तिच्या श्वासातून रात्रभर वाफ निघते, विष्ठेतून अमोनिया निघतो. दोन्हींना वर वाट पाहिजे. म्हणजे खाली अडवायचे आणि वर मोकळे ठेवायचे. आम्ही नेमके उलटे केले होते.

आता करायचे कसे? विकतचे काही आणू नका. उत्तरेला आणि पूर्वेला कोंबडी दांडीवर बसते त्या उंचीच्या थोडे वरपर्यंत आडोसा करा. छपराखाली वीतभर फट राहू द्या. दक्षिण बाजू मोकळी ठेवा, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, ऊन आतपर्यंत येते. पूर्वेचा आडोसा गोणपाटाचा करा. रात्री सोडायचा, सकाळी गुंडाळून ऊन आत घ्यायचे. वरचे छप्पर मात्र पक्के पाहिजे, पहाटेचे दव पाठीवर पडता कामा नये.

आडोशाला तुराट्यांचे कूड सगळ्यांत चांगले. कडब्याच्या पेंढ्या रचा असे आम्ही म्हणणार नाही. कडब्याचा भाव तुम्हाला ठाऊक आहे आणि बैल आधी, कोंबडी नंतर. पऱ्हाट्या वापरल्या तरी चालतात, पण त्यांची गोष्ट शेवटी सांगतो.

जमिनीवर शेंगांची टरफले, भाताचे तूस किंवा गव्हाणीतली चघळ चांगली चार बोटे पसरा. चघळ उन्हात कडक वाळवून मगच. दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने वरखाली करा, मूठभर विरलेला चुना मिसळा. ओले झालेले लगेच काढा. हात घालून मूठ दाबली आणि लाडू वळला तर समजा, ओल जास्त आहे. दहा कोंबड्यांना रात्रीपुरते चार बाय पाच फुटांचे खुराडे पुरते. त्यात वीस कोंबू नका.

पिल्लांचे मात्र वेगळे. त्यांना पिसे नसतात. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करायची. खुडूक कोंबडी हे काम फुकट करते. विकतची पिल्ले आणली असतील तर डालग्यात बल्ब लावा. पिल्ले बल्बखाली एकावर एक चढली तर ऊब कमी, कडेला पळून चोच वासून बसली तर जास्त. वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तो धूर पिल्लांना मारतो आणि माणसांनाही.

अंडी कमी होतात त्यात थंडीपेक्षा उजेडाचा वाटा मोठा. डिसेंबरात आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा, आणि भरपूर अंडी यायला १४ ते १६ तास उजेड लागतो. पहाटे थोडा वेळ बल्ब लावला तर फरक दिसतो. संध्याकाळी ज्वारीचा मूठभर दाणा जास्त टाका, रात्रभर पचनाची ऊब राहते. पावसात भिजून बुरशी धरलेली ज्वारी घालू नका, आणि सरकीची पेंडही नको. तिच्यातल्या गॉसिपॉलने अंड्यातला पिवळा बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

मानमोडीची लस थंडीची वाट न पाहता टोचून घ्या. बर्ड फ्लूवर मात्र इलाज नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला तो देशात पहिल्यांदा आढळला, जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आला. थंडीत बाहेरचे पाखरू येते, म्हणून आवारावर जाळी पाहिजे आणि दाणापाणी छपराखाली पाहिजे. एकदम मर झाली तर मेलेले पक्षी ओढ्यात फेकू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नियम असा आहे की भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधी मेलेल्यांची नाही. हा नियम न्यायाचा आहे का, हे आपण भांडून विचारू. तोवर उशीर केला तर तोटा कळवणाऱ्याचाच.

राहिली पऱ्हाट्यांची गोष्ट. कापसाच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. शेतातून उचललेली पऱ्हाटी खुराड्याला लावली म्हणजे अळीला आपणच घर बांधून दिले. म्हणून बोंडे झोडून, जाळून मगच पऱ्हाटी वापरा. आणि होळी आली की आडोसा सगळाच उतरवा. मार्चपासून त्याच आडोशाने कोंबडी उकडून मरते. तुराट्या चुलीला ठेवा, पऱ्हाट्या त्याच होळीत टाका.