समुद्रातील सोबत

कर्कवृत्त भोपाळच्या थोडे उत्तरेकडून जाते. तेव्हा भूगोलाच्या काटेकोर हिशेबाने सोनागिरीचा रहिवासी उष्ण कटिबंधाचाच नागरिक होय. परंतु उष्ण कटिबंध हा शब्द उच्चारताच माडांची रांग, पांढरी वाळू आणि पाचूच्या रंगाचे पाणी यांचे जे चित्र मनापुढे उभे राहते, त्यातील एकही गोष्ट त्याच्या खिडकीतून दिसत नाही. मुंबईचा समुद्र त्याच्यापासून सुमारे आठशे किलोमीटर दूर आहे. पाण्याला मात्र हे शहर पारखे नाही. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविला असे परंपरा सांगते तो मोठा तलाव शहराच्या पश्चिमेस आजही पसरलेला आहे, आणि २००२ साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याची नोंद झाली. पूर्वेकडे, १९५६ साली स्थापन झालेल्या वीजयंत्रांच्या अवाढव्य कारखान्याच्या परिसरात सोनागिरी आहे. कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे या भागात आली. त्यांत मराठी कुटुंबेही आली आणि येथलीच झाली.

अशा समुद्रापासून दूर राहणाऱ्या, तरणतलावात नियमाने पोहणाऱ्या माणसांच्या मनात अलीकडे एक नवी हौस मूळ धरू लागली आहे. दहापंधरा जणांनी मिळून एखाद्या बेटावर जावे, आठवडाभर मुक्काम करावा आणि रोज सकाळी समुद्रात एकत्र पोहावे, अशी ही सहल असते. परदेशांत अशा जलसहलींचा प्रघात या शतकाच्या आरंभापासून रुळत गेला आहे. आपल्या देशात तिच्यासाठी सहज डोळ्यांपुढे येते ते अंदमान. कोलकाता किंवा चेन्नईहून विमानाने पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजय पुरमला उतरावे आणि तेथून बोटीने स्वराज द्वीप गाठावे. २०१८ पूर्वी हे बेट हॅवलॉक या नावाने ओळखले जात असे. राधानगरचा त्याचा किनारा सौंदर्याबद्दल नावाजलेला आहे.

मराठी मनात अंदमान हे नाव अजून काळ्या पाण्याशी निगडित आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. १९११ ते १९२१ या काळात सावरकर तेथील सेल्युलर तुरुंगात होते. प्रत्येक कैद्याला निराळ्या कोठडीत, एकमेकांची दृष्टादृष्टही होऊ नये अशा बेताने ठेवावयाचे, हीच त्या तुरुंगाच्या रचनेमागील कल्पना होती. एकटेपण हीच तेथील शिक्षा होती. आज त्याच द्वीपसमूहात माणसे आपखुशीने, आणि ती देखील एकमेकांच्या सोबतीसाठी जातात, हा काळाचा फेरा विचार करण्यासारखा आहे. कारण समुद्रातील पोहण्याचे सारे मर्म या सोबतीतच आहे. ज्याला ते उमगले नाही, त्याने उत्तम पोहता येत असूनही या सहलीस जाऊ नये, असे म्हणावयास हरकत नाही.

तरणतलावात पोहणारा माणूस तसा एकटाच पोहतो. त्याच्या शेजारच्या पट्ट्यात कोण आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तळाशी आखलेली काळी रेघ त्याला सरळ नेते. दर पंचवीस वा पन्नास मीटरांवर भिंत येते आणि दम लागला तर तिचा आधार घेता येतो. समुद्रात रेघ नाही, भिंत नाही आणि पायाखाली जमीनही नाही. खारे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे शरीर अधिक सहज तरंगते, ही समुद्राची एक कृपा खरी. पण दिशा राखण्यासाठी काही हातांनंतर मान उचलून किनाऱ्यावरील खूण पाहावी लागते, लाट ज्या बाजूची असेल तिच्या विरुद्ध बाजूस श्वास घेण्याची सवय करावी लागते, आणि पाण्याच्या आतल्या ओढीचा अंदाज बांधावा लागतो. किनाऱ्याकडून आत खेचणाऱ्या ओढीशी समोरासमोर झुंजणारा बलवान पोहणारा थकून जातो. तिला काटकोनात, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडणारा साधारण पोहणारा परत येतो. तलावात मिळविलेला वेग येथे फारसा उपयोगी पडत नाही, धिमेपणा उपयोगी पडतो.

उष्ण प्रदेशातील समुद्राचा आणखी एक धोका आहे, आणि तो उबदार असल्यामुळेच ध्यानात येत नाही. थंड पाणी माणसाला आरंभीच सावध करते. ऊन पाणी त्याला निश्चिंत करते. पोहताना शरीरात निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकावयास थंडावा हवा. भोवतालचे पाणीच तीस अंशांच्या घरात असेल तर ती आतच साठत राहते. पाण्यात घाम कळत नाही आणि तहानही कळत नाही. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे दहा किलोमीटरांच्या जागतिक शर्यतीत फ्रान क्रिपेन हा सव्वीस वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू मृत्युमुखी पडला. तो नवशिका नव्हता; जगातील अव्वल सागरी जलतरणपटूंत त्याची गणना होती. शर्यत संपली, एकेक पोहणारा काठावर आला, आणि क्रिपेन आलेला नाही हे त्याच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. त्याचा देह सापडावयास सुमारे दोन तास लागले. पुढे या शर्यतींसाठी पाण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा ३१ अंश ठरविण्यात आली. मर्यादा ठरली हे योग्यच झाले. परंतु या घटनेतील अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट तापमानाची नव्हे. अनेकांच्या मध्ये पोहत असलेला एक माणूस नाहीसा झाला, आणि तो नाहीसा होत असता कोणाचीही दृष्टी त्याच्यावर नव्हती, ही ती गोष्ट होय.

आपल्याकडे वेदान्त शिकविताना एक गोष्ट सांगण्याची रीत आहे. दहा जण नदी पोहून पार करतात. पैलतीरावर पोहोचल्यावर सगळे आले ना, हे पाहण्यासाठी एक जण मोजू लागतो. नऊच भरतात. दुसरा मोजतो, तिसरा मोजतो, संख्या नऊच. दहावा बुडाला असे समजून सारे शोक करू लागतात. तेव्हा वाटेने जाणारा एक शहाणा त्यांना दाखवून देतो की, मोजणारा स्वतःला मोजावयास विसरला आहे, दहावा तोच. गोष्टीचा आध्यात्मिक अर्थ शास्त्री-पंडितांनी सांगावा. परंतु तिचा व्यावहारिक अर्थही काही कमी मोलाचा नाही. पाण्यातून बाहेर येताच त्या दहा भोळ्या माणसांनी पहिले काम मोजण्याचे केले! त्यांचे गणित चुकले, पण रीत चुकली नव्हती. समुद्रात पोहणाऱ्या जथ्याने हीच रीत पाळावयाची असते. पाण्यात उतरण्यापूर्वी मोजावे, दर थांब्यावर मोजावे आणि वाळूवर पाय ठेवल्यावर मोजावे. शिवाय ज्याच्या त्याच्या पदरी एक जोडीदार असावा, म्हणजे कोणी मागे पडला तर तो कमी झाल्याचे निदान एका माणसाला तत्काळ कळेल.

यासाठीच चांगल्या सहलीत पोहणाऱ्यांचे वेगाप्रमाणे दोनतीन गट पाडतात, गटागटाला निरनिराळ्या भडक रंगांच्या टोप्या देतात, प्रत्येकाच्या कमरेला दोरीने बांधलेला तरंगता फुगा असतो आणि सोबतीला एक होडी चालते. गटाची गती सर्वांत सावकाश पोहणाऱ्याच्या गतीवरून ठरते. येथे आपल्या तरणतलावातल्या अभिमानाला पहिला धक्का बसतो. घरी पहिला येणारा गृहस्थ दर पाचदहा मिनिटांनी उभ्याउभ्या पाणी तुडवीत मागच्यांची वाट पाहतो. मागे पडणाऱ्याच्या मनाची अवस्था तर याहून अवघड. आपल्यामुळे दहा जण खोळंबले, या संकोचाने तो दम लागला असता लागला नाही असे सांगतो, पायात गोळा आला असता हसून दाखवितो, आणि होडीत चढण्यास सुचविले तर मानहानी समजतो. समुद्राच्या ओढीइतकीच ही भिडेची ओढही घातक आहे, कारण ती माणसाला आधारापासून दूर नेते. होडी बरोबर घेतलेली असते ती चढण्यासाठीच. जो वेळेवर हात वर करतो तो गटाचा भार हलका करतो, हे ज्या जथ्यात पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट बोलले जाते, तो जथा चांगला समजावा.

बेटावरील माणसांचे ऐकणे हाही या सोबतीचाच भाग. अंदमानच्या पाण्यात खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर आहे. २०१० सालच्या एप्रिलमध्ये राधानगरच्या किनाऱ्याशी एका परदेशी तरुणीचा मगरीने बळी घेतला होता. म्हणून जेथे सूचनेचा फलक आहे, जेथे खाडीचे मुख वा खारफुटी जवळ आहे, तेथे स्थानिक लोकांनी नको म्हटले की वाद न घालता नको समजावे. उधाणाच्या भरतीला पाण्याची ओढ अधिक असते आणि भांगाच्या भरतीला कमी, हे तिथीवरून जाणणारा कोळी छापील माहितीपत्रकाहून अधिक भरवशाचा असतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत तेथील समुद्र खवळलेला असतो. साधारणतः डिसेंबर ते एप्रिल हा काळ पोहण्यास बरा. खालच्या प्रवाळावर उभे राहू नये व त्याचा तुकडाही उचलू नये. ते दगडासारखे दिसले तरी सजीवांचे घर आहे, आणि कायद्याने त्यास संरक्षण आहे.

समुद्रकिनारा नसलेल्या प्रदेशातील माणसाने ही हौस करावीच का, असे कोणी विचारील. त्यास मध्य प्रदेशातच उत्तर आहे. भिंड जिल्ह्यात जन्मलेले सत्येंद्रसिंह लोहिया दोन्ही पायांनी अधू आहेत. २०१८ सालच्या जूनमध्ये ते आणि राजस्थान, महाराष्ट्र व पश्चिम बंगालचे तीन दिव्यांग जलतरणपटू अशा चौघांनी आळीपाळीने पोहून इंग्लिश खाडी पार केली. त्यांना सुमारे साडेबारा तास लागले. २०२४ साली लोहिया यांना पद्मश्री देण्यात आली. या आळीपाळीच्या पोहण्याचा नियम मोठा बोलका आहे. प्रत्येकाने एक तास पोहावयाचे, मग पुढच्याने. ठरलेला क्रम शेवटपर्यंत बदलावयाचा नाही. एकाने पाळी चुकविली की सर्वांचे पोहणे रद्द. एक जण पाण्यात असता उरलेले तिघे होडीतून त्याच्यावर नजर ठेवून असतात. चंबळच्या खोऱ्यातील माणसाने खाडी जिंकली ती अशी, इतर तिघांच्या नजरेखाली आणि इतर तिघांवर नजर ठेवून.

अर्थात त्यासाठी पूर्वतयारी हवी. अंदमानला जाण्यापूर्वी निदान तीनचार महिने तरणतलावात भिंतीला न टेकता एकसारखे दोन किलोमीटर पोहण्याचा सराव करावा. भोपाळात प्रकाश तरण पुष्करासारखी सोय आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. चाळिशी उलटलेल्यांनी हृदयाची तपासणी करून घेण्यात कमीपणा मानू नये. समुद्राची पहिली ओळख मात्र थेट दूरच्या बेटावर करून घेऊ नये. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. तेथे शाळकरी मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत सारे उतरतात. तेथे एकदा खारे पाणी नाकातोंडात गेले, एकदा लाटेने दिशा चुकविली, म्हणजे पुढील सहलीत आपण कोणत्या गटात शोभू, हे ज्याचे त्याला कळून येते. आपला वेग आहे त्याहून अधिक सांगणारा माणूस स्वतःबरोबर जोडीदारालाही अडचणीत टाकतो.

सहलीचे नाव नोंदविताना निवासस्थानाची व जेवणाची चौकशी सर्वच करतात. ती करावी, पण त्याआधी चार प्रश्न विचारावेत. किती पोहणाऱ्यांमागे एक होडी आहे? पाण्यात असता माणसे कोण मोजतो? पाणी फार ऊन झाले किंवा वारा फिरला तर पोहणे रद्द करण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे? या चार प्रश्नांची चटकन व नेमकी उत्तरे जेथे मिळत नाहीत, तेथील माडांची रांग कितीही मोहक असली तरी तेथे पैसे भरू नयेत.

मग जे मिळते ते मात्र तरणतलावात कधीही मिळणारे नाही. पहाटेच्या उजेडात दहा रंगीत टोप्या संथ पाण्यावर पुढे सरकत असतात, खाली प्रवाळांच्या फटींतून मासे ये-जा करीत असतात, आणि दर श्वासाबरोबर शेजाऱ्याचा वर आलेला हात क्षणभर दिसतो. काल-परवापर्यंत ज्यांचे नावही ठाऊक नव्हते, अशा माणसांच्या हातांवर आता आपले लक्ष असते आणि आपल्या हातांवर त्यांचे. सोनागिरीच्या माणसाने आठशे किलोमीटरांहून दूर जाऊन समुद्रातून आणावे असे खरोखर काही असेल, तर ती शिंपल्यांची पिशवी नव्हे. शेजारचा माणूस आपल्याबरोबर आहे की मागे राहिला, हे मान वळवून पाहण्याची सवय होय. ती सवय जमिनीवरही उपयोगी पडते.