एक हात, तीन यंत्रें

घरांत दूरचित्रवाणी, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार अशीं तीन यंत्रें. त्यांचे रिमोटहि तीन. बातम्या ऐकूं इच्छिणारी आजी मात्र नातू शाळेंतून येईपर्यंत मुक्या पडद्यासमोर बसून राहते! एकच युनिव्हर्सल रिमोट घ्यावयाचा, तो हें परावलंबन सरावें म्हणून.

बहुतेक रिमोट डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनीं संकेत पाठवितात. प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा मात्र निराळी. जुन्या रिमोटकडून ती शिकून घेणारा ‘कोअर’ रिमोट स्टीव्ह वोझनियाक यांनीं १९८७ सालीं बाजारांत आणला. पण त्याची मांडणी सामान्यांस अवघडच वाटे. गुण पुष्कळ असले, म्हणजे सोय झालीच असें नव्हे.

म्हणून असा शिकून घेणारा, परंतु थोड्या, मोठ्या व अंधारांतहि बोटांस ओळखतां येणाऱ्या बटणांचा रिमोट निवडावा. कांहीं यंत्रें ब्लूटूथवर चालतात. तेथें अवरक्त रिमोट निरुपयोगी, हें आधींच पाहावें. सर्व जुळवून झाल्यावर रिमोट आजीच्या हातीं द्यावा व कोणीं कांहीं सांगूं नये. तिला पडदा उजळून आवाज वाढवितां आला, तरच निवड साधली. न आला, तर दोष तिच्या वयाचा नव्हे, रिमोटचा.