लेण्याद्रीचे चैत्यगृह

इटलीतील फ्लॉरेन्स शहरी सांता मारिया नोव्हेला नावाचे जुने चर्च आहे. ते दाखविणाऱ्या वाटाड्यास दात्याचे नाव शोधावे लागत नाही. दर्शनी भिंतीवरच जोव्हान्नी रुचेल्लाई या धनिक व्यापाऱ्याचे नाव व 1470 हा सन मोठ्या लॅटिन अक्षरांत झळकत असतो.

जुन्नरनजीकच्या लेण्याद्रीस असेच, परंतु त्याहून हजारांवर वर्षे जुने दान आहे. सुमारे तीनशे पायऱ्या चढून यात्रेकरू सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचे दर्शन घेतो आणि बहुधा तसाच उतरू लागतो. शेजारचे सहावे लेणे म्हणजे बौद्धांचे चैत्यगृह. मध्ये लांबट दालन, दोहों बाजूंस स्तंभांच्या रांगा, स्तंभशीर्षांवर प्राण्यांच्या आकृती आणि चर्चमध्ये जेथे वेदी असावयाची तेथे स्तूप. छताच्या फासळ्या लाकडी घराची आठवण देतात. वस्तुतः त्याही कातळातच कोरलेल्या आहेत.

येथेही दात्याचे नाव आहे, पण ब्राह्मी लिपीत. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याने हे चैत्यगृह अर्पण केले, असे तो लेख सांगतो. कोकणातल्या माणसाने घाटावर दान का करावे? नाणेघाट आठवला की उलगडा होतो; बंदराकडचा व्यापार त्याच वाटेने जुन्नरास चढत असे.

वाटाड्याने गिरिजात्मजाची कथा अवश्य सांगावी. मात्र दोन पावले पुढे नेऊन सुलसदताचे नावही वाचून दाखवावे. तो विसरल्यास यात्रेकरूनेच त्यास थांबवावे.