पिंजऱ्यातल्या पाहुण्याला काय घ्यावं, काय टाळावं

आम्ही बचतगटांच्या समन्वयक ताया या कार्यक्रमात तुमच्याशी बोलतो ते कधी कर्जाच्या हप्त्यावर, कधी कोंबड्यांच्या लसीवर, कधी मुलींच्या शाळेवर. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज आपण हॅमस्टरच्या पिंजऱ्यावर आणि त्याच्या खेळण्यांवर बोलणार आहोत.

झालं असं, की सुट्टी संपवून शहरातून परत आलेल्या मुलांबरोबर काही घरांत हा प्राणी आला. कुणाला मामाने घेऊन दिला, कुणाला आत्याने. एका बैठकीत विषय निघाला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "आम्ही जन्मभर उंदीर मारायला पिंजरा लावला, आणि ही पोरं उंदीर पोसायला पिंजरा आणतात!" सगळ्या हसलो. मग हिशेब निघाला. दुकानातून छोटा रंगीत पिंजरा आला होता. सोबत गजांचं चाक, कापसाची गादी, प्लॅस्टिकची शिडी आणि आत बसवून घरभर फिरवायचा गोल चेंडू. एका घरी त्या चाकाच्या गजांत प्राण्याचा पाय अडकून मोडला. पोरगी दोन दिवस जेवली नाही. पैसे गेले, जीवही हालात पडला.

म्हणून आम्ही ठरवलं, की घरात आलाच आहे तर त्याचं नीट करायचं, आणि पैसे जपून करायचं. आजचं सगळं बोलणं एका वाक्यात सांगता येईल. हॅमस्टरचं खेळणं ही शोभेची वस्तू नाही, ते त्याचं रोजचं काम आहे. काम कळलं की काय घ्यायचं ते आपोआप कळतं.

आधी पाहुण्याची ओळख करून घेऊ. आपल्याकडे विकला जाणारा मोठा, सोनेरी हॅमस्टर मूळचा सिरिया देशातला. 1930 साली तिथल्या अलेप्पो शहराजवळच्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली. आज जगभर घरोघरी असलेले सोनेरी हॅमस्टर बहुतेक त्यांचेच वंशज. दुसरे असतात ते बुटके हॅमस्टर, अगदी मुठीत मावणारे. दोघांचंही आयुष्य साधारण दोन ते तीन वर्षांचं. दिवसा झोपायचं, अंधार पडला की उठायचं. रानात असताना तो पाच कामं करतो: बीळ खणतो, लपतो, पळतो, कुरतडतो आणि गालाच्या पिशव्यांत दाणे भरून साठा करतो. पिंजऱ्यात ही पाच कामं करता आली पाहिजेत. ज्या वस्तूने यातलं एकही काम होत नाही, ती घेऊ नका.

पहिली गोष्ट जागा. दुकानातले बहुतेक पिंजरे फार लहान असतात. जर्मनीत प्राण्यांच्या हितासाठी काम करणारे पशुवैद्य किमान 100 सेंटिमीटर लांब आणि 50 सेंटिमीटर रुंद जागा सांगतात. म्हणजे सव्वातीन फूट लांब आणि पावणेदोन फुटांच्या आत रुंद. एवढा पिंजरा विकत घ्यायचा तर महाग पडेल. पण घरातलं जुनं काचेचं शोकेस आडवं करून वर बारीक जाळीचं झाकण बसवलं तर काम होतं. गजांचा पिंजरा असेल तर गज जवळजवळ हवेत. बुटक्या हॅमस्टरसाठी दोन गजांत एक सेंटिमीटरपेक्षा कमी फट हवी, नाहीतर तो निसटतो आणि मांजराचं फावतं. तळ जाळीचा नको, पाय सोलवटतात. तीन-तीन मजलेही नकोत. याला दूरचं नीट दिसत नाही, उंचीचा अंदाज येत नाही, आणि तो वरून पडतो.

दुसरी गोष्ट खणणं. हे सगळ्यात मोठं काम आणि नेमकं हेच आपण विसरतो. तळाला बोटभर भुसा टाकला की झालं असं वाटतं. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात संशोधकांनी काही सोनेरी हॅमस्टरांना 10 सेंटिमीटर, काहींना 40 आणि काहींना 80 सेंटिमीटर खोल अंथरूण दिलं. हा अभ्यास 2006 साली छापून आला. उथळ अंथरुणातले हॅमस्टर पिंजऱ्याची तार जास्त कुरतडत होते, खोल अंथरुणातले फार कमी. मैत्रिणींनो, तार कुरतडणं हा खेळ नाही, तो वैताग आहे. म्हणून निदान एका बाजूला वीतभर खोल अंथरूण घाला.

अंथरायचं काय? कोरा, न छापलेला कागद बारीक फाडून, त्यात वाळलेलं मऊ गवत मिसळा. गवतावर फवारणी झालेली नको, कुसळं नकोत. थोडं दाबून भरा म्हणजे बीळ ढासळत नाही. वखारीतला भुसा आणू नका. त्याची धूळ नाका-फुप्फुसात जाते, आणि पाइनसारख्या वासाच्या लाकडाचा भुसा तर नकोच. आता कापूस पिकवणाऱ्या घरांतल्या तायांनी नीट ऐका. घरचा कापूस आहे, मऊ आहे, थंडीत ऊब येईल म्हणून तो घरट्यात घालावासा वाटतो. दुकानातही त्याची पाकिटं मिळतात. पण कापसाचे तंतू पायाला गुंडाळले जातात, रक्त थांबतं, पाय निकामी होतो. पोटात गेला तर आतडं तुंबतं. गोधडीचे तुकडे, लोकरीचा झोपाळा, दोऱ्याची गादी यांनाही तेच लागू. आपल्या हाताला शिवणकाम येतं, पण इथे सुईदोरा बाजूला ठेवायचा. घरट्याला साधा मऊ टिश्यू कागद फाडून द्या, तो स्वतःच घर बांधतो.

तिसरी गोष्ट चाक. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. चाकाची पळायची बाजू सलग हवी, गजांची किंवा जाळीची नको. मोठ्या हॅमस्टरसाठी चाक साधारण 28 सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे एक वीत आणि वर चार बोटं. बुटक्यासाठी 20 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर. ओळखायची खूण सोपी आहे. तो पळताना बाजूने बघा. पाठ सरळ राहिली तर चाक बरोबर. पाठ मागे धनुष्यासारखी वाकली तर चाक लहान, आणि रोज रात्री असं पळून कणा दुखावतो. गोल बंद चेंडू मात्र घेऊ नका. आत हवा कमी, बोटं फटीत अडकतात, भिंतीवर आपटतो, आणि त्याला हवं तेव्हा बाहेर येता येत नाही. मुलांना गंमत वाटते, त्याला नाही.

चौथी गोष्ट लपायला घर. यासाठी तर दुकानात जायलाच नको. संक्रांतीची सुगडं घराघरांत पडलेली असतात. न रंगवलेलं, न चिरलेलं मातीचं बोळकं आडवं ठेवा. फक्त तोंड मोजून घ्या. गाल भरलेले असताना तो आत-बाहेर जाऊ शकला पाहिजे. मोठ्यासाठी तोंड 7 सेंटिमीटर तरी हवं, बुटक्यासाठी 5. सुगडाचं तोंड अरुंद असेल तर कुंभारदादांकडून रुंद तोंडाचं मडकं घ्या. नारळाची करवंटीही चालते. काथ्या पूर्ण काढा, दार पाडा, कडा काचकागदाने गुळगुळीत करा. पुठ्ठ्याची नळी, पुठ्ठ्याचं खोकं छान, पण चिकटपट्टी आणि पिना काढून. दाण्याला पणती पुरते. एक नियम मात्र पाळा. मडकं, फरशी, चाक अशा जड वस्तू थेट तळावर ठेवा किंवा खाली भक्कम आधार द्या. नुसत्या अंथरुणावर ठेवल्या तर तो खालून खणतो आणि वस्तू अंगावर बसते.

पाचवी गोष्ट कुरतडणं. याचे दात जन्मभर वाढतात, म्हणून झिजवायला काहीतरी हवंच. पेरूची वाळलेली काडी किंवा बांबूचा कुसं काढलेला तुकडा द्या. द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या फुकट मिळतात, पण फवारणी झालेल्या असतात, त्या नकोत. कण्हेर, रुई, धोत्रा, एरंड ही विषारी झाडं, त्यांची काडी चुकूनही नको. रंगीत प्लॅस्टिक आणि रबराची खेळणी कुरतडून तुकडे पोटात जातात. रंग, वार्निश, डिंक लावलेलं लाकूडही टाळा.

आणि साठवण्याच्या कामासाठी सगळ्यात स्वस्त खेळणं आपल्या कणगीत आहे. रोजचे दाणे पणतीत ओतण्याऐवजी थोडे अंथरुणात विखरून टाका. कधी बाजरीच्या किंवा ज्वारीच्या वाळलेल्या कणसाचा तुकडा द्या. तो दाणा दाणा सोडवतो, गालात भरतो, बिळात नेऊन ठेवतो. चिक्की, तिळगूळ असं चिकट काही देऊ नका, गालाच्या पिशवीत अडकतं.

एका कोपऱ्यात वाळूचं ताटही ठेवा. हॅमस्टरला पाण्याने आंघोळ घालायची नसते, तो वाळूत लोळून अंग साफ करतो. वाळू धुऊन, चाळून, कढईत कोरडी भाजून, पूर्ण गार करून द्या. पिठासारखी बारीक धूळ नको, ती श्वासात जाते.

आता आपल्या उन्हाळ्याचं बोलू. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि या प्राण्याला तिशीच्या पुढे त्रास सुरू होतो. पिंजरा पत्र्याखाली, खिडकीच्या उन्हात किंवा चुलीच्या धुराजवळ नको. घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा. आत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, तो त्यावर पोट टेकून पडतो आणि नखंही झिजतात. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवा. प्यायच्या पाण्याची नळी रोज बोटाने दाबून बघा, कधी कधी ती तुंबते. साठवलेल्या दाण्यांना मुंग्या लागतात, तर दुधाच्या कपाटाला करतो तसं टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

बऱ्याच जणी विचारतात, "एकट्याला करमत नाही, जोडीला दुसरा आणू का?" नाही. सोनेरी हॅमस्टर एकटाच राहतो. दोन ठेवले तर जीव जाईपर्यंत भांडतात. नर-मादी असतील तर साधारण 16 दिवसांत पिल्लं, आणि मग ती कुणाकडे द्यायची? जोडीदार हे खेळणं नाही.

सगळं मांडून झालं की एखादी रात्र शांत बसून बघा, मुलांनाही बसवा. तो खणतो, पळतो, साठवतो, तर आपलं बरोबर चाललं आहे. सारखे गज कुरतडतो, एकाच कोपऱ्यात येरझाऱ्या घालतो, नाकावरचे केस गेले, लंगडतो, तर काहीतरी कमी आहे. बहुतेक वेळा जागा किंवा अंथरूण. लंगडत असेल, शेपटीखाली ओलं असेल तर थांबू नका, लगेच पशुवैद्यांना दाखवा. सफाई करताना सगळं अंथरूण एकदम फेकू नका. ओली जागा काढा, थोडं जुनं ठेवा. स्वतःचा वास गेला की तो बिथरतो.

काही गटांनी विचारलं, करवंटीची घरं, बांबूचे तुकडे करून शहरात विकता येतील का? येतीलही. पण आधी माल करून ठेवू नका. दोन-चार नमुने करा, दुकानदाराशी बोला, त्याची मागणी लेखी घ्या, आपल्या मजुरीचे तास वहीत लिहा आणि मगच गटाच्या पैशाला हात लावा. आणि विकायला जाईल त्या मालातही खिळा, डिंक, रंग नको. आपल्या पोरीच्या पिंजऱ्यात ठेवणार नाही ते दुसरीच्या पोरीला विकायचं नाही.

शेवटी एवढंच. ज्यांच्या घरी अजून हॅमस्टर आलेला नाही, त्यांनी मुलाला आधी सांगा: मोठी जागा, खोल अंथरूण, चांगलं चाक आणि उन्हाळ्यात गारवा जमणार असेल तरच आणू. जमत नसेल तर नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. आणि आणलाच, तर त्याची कामं मुलाकडेच द्या. रोज पाणी, दाणे, आठवड्याची सफाई, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात. मुठीएवढ्या मुक्या जिवाला काय हवं ते ओळखायला शिकलेलं पोर उद्या गोठ्यातल्या गाईचं आणि घरातल्या आजीचंही दुखणं ओळखेल.

तुमचे प्रश्न गटाच्या सचिवताईंकडे लिहून द्या, पुढच्या वेळी उत्तरं देऊ.