शाळा सुटल्यावर
(शाळेनंतरच्या क्लबमधील ताईंचे भाषण)



शाळा सुटली, की तुमच्यापैकी बरेच जण आमच्या क्लबमध्ये येतात. आमच्या दाराजवळच्या भिंतीवर एक दाखला लावला आहे. तो कोणी वाचला आहे का? इंग्लंडमध्ये शाळेबाहेरच्या कोणाला पैसे घेऊन आठ वर्षांखालील मुलांना रोज दोन तासांहून अधिक वेळ सांभाळायचे असेल, तर सहसा ऑफस्टेड या सरकारी खात्याकडे नोंदणी करावी लागते. तिथे प्रथमोपचार शिकलेले माणूस हजर लागते. रोजची हजेरीही लिहावी लागते.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. बाहेर काळोख पडला होता. एका मुलाला न्यायला त्याचे काका आले. आमच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. "हे माझे काकाच आहेत!" असे म्हणून तो रडू लागला. काकाही रागावले. मला वाईट वाटले. पण मी दार उघडले नाही. आईला फोन केला, तर तो लागेना. ती आगगाडीत होती. वीस मिनिटे काका काचेच्या पलीकडे थंडीत उभे, आणि आम्ही दोघे अलीकडे!

शेवटी आईचा फोन आला. काका खरेच काका निघाले.

आता त्यांचे नाव यादीत आहे. तरीही आले, की ते काचेवर टकटक करून विचारतात, "ताई, आज येऊ का आत?"